नागपूरचा उन्हाळा आणि खुरासानचे मांजर

महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी या नागपूरच्या जुन्या वस्त्यांतून जी वाडावजा घरे अद्याप उभी आहेत, त्यांतील मांजर कधी कुणी निवडून आणलेले नसे. कोठीत धान्य होते आणि धान्यापाशी उंदीर होते म्हणून ते येई, माळ्यावरच्या जुन्या गोधडीत वीत असे, आणि आजीने भाकरीचा कुस्करा दुधात कालवून दाराशी ठेवला की त्या घरावरील आपला हक्क वहिवाटीने शाबीत झाला असे मानून पिढ्यानपिढ्या तेथेच नांदे. आज धरमपेठेतील, मनीषनगरातील किंवा वर्धा मार्गावरील नव्या संकुलांतील सदनिकेत कोठी नाही आणि माळाही नाही. तेथे जे मांजर येते ते उंदरांसाठी येत नाही, तर एकुलत्या एका मुलाला सोबत व्हावी, निवृत्त आजोबांच्या दुपारी सुन्या जाऊ नयेत, घरात कुणीतरी हात फिरवण्याजोगे असावे, या शुद्ध स्नेहाच्या अपेक्षेने येते, आणि म्हणूनच ते निवडून, पारखून आणि पुष्कळदा बरीच रक्कम मोजून आणले जाते.

ही अपेक्षा मला अत्यंत आदरणीय वाटते. ज्या घरात एखाद्या मुक्या जीवाकडून केवळ मायेची मागणी होते आणि त्या मायेची परतफेड करण्याची तयारीही असते, ते घर सुसंस्कृत होय. परंतु ‘मायाळू जात कोणती?’ हा जो प्रश्न अशी कुटुंबे सर्वप्रथम विचारतात, त्याचे उत्तर जातीच्या नावात जेमतेम निम्मे सापडते. उरलेले निम्मे पिल्लाच्या जन्मदात्यांत, त्याला पहिल्या दोन महिन्यांत लाभलेल्या माणसांच्या हातांत आणि, आपल्या शहरापुरते बोलायचे तर, मे महिन्याच्या आकाशात दडलेले असते.

नागपुरात हा प्रश्न विचारला की उत्तर बहुधा एकच मिळते: पर्शियन. विक्रेत्यांच्या परिभाषेत तिचे दर्जे ठरलेले आहेत. ज्याचे नाक थोडे तरी वर आलेले आहे ते ‘डॉल फेस’, ज्याचे नाक डोळ्यांच्या रेषेत येऊन दबलेले आहे ते ‘पंच फेस’, मधले ते ‘सेमी पंच’. आणि लोकर जितकी दाट तितकी किंमत चढत जाते, तिलाही ‘ट्रिपल कोट’ असे भारदस्त नाव आहे. “घ्या ना जी काका, ट्रिपल कोट आहे, एकदम शांत, पोरांच्या मांडीवरून उठतच नाही,” अशी हमी दिली जाते आणि मुलाच्या ओंजळीत ते लोकरीचे बोचके ठेवले गेले की आईवडिलांचा विचार तेथेच संपतो. वास्तविक येथेच तो सुरू व्हावयास हवा. आठ आठवड्यांचे निरोगी पिल्लू दिवसाचा बराच वेळ झोपते हे खरे, पण जागेपणी ते पायावर झेपावते, दोरीमागे धावते, वासावरून माणसाची चौकशी करते. जे जागे असूनही मांडीवरून उठतच नाही ते स्वभावाने शांत असेल किंवा तापाने मलूल असेल, आणि या दोहोंतील भेद दुकानातील दहा मिनिटांत कळणे सोपे नाही.

या जातीचे कुलवृत्त मनोरंजक आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या रोमन प्रवाशाने १६२० साली इस्फहानहून लिहिलेल्या पत्रात खुरासान प्रांतातील लांब, मऊ, रेशमी केसांच्या करड्या मांजरांचे मोठ्या कौतुकाने वर्णन केले आहे. हाच गृहस्थ पुढे १६२३ मध्ये सुरतेस उतरला आणि तेथून गोव्याकडे गेला. लांब केसांची मांजरे युरोपात गेली, तेथे अंगोऱ्याच्या मांजरांशी त्यांची सरमिसळ झाली, आणि १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर या चित्रकाराने जे मांजरांचे पहिले मोठे प्रदर्शन भरवले व त्यासाठी गुणांचे कोष्टक तयार केले, त्यानंतर ‘जात’ ही कल्पना कागदावर उतरली. तोवर मांजर हे मांजर होते. त्यानंतर त्याला वंशावळ, दाखला आणि परीक्षक मिळाले. वीअरचा हेतू मात्र निर्मळ होता. उपेक्षित मांजराकडे लोकांनी सौंदर्यदृष्टीने पाहावे एवढेच त्याला हवे होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील लेस्ली लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या मांजरांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून २००८ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत आजची पर्शियन ही इराणी मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातील साध्या मांजरांना अधिक जवळची आढळली. म्हणजे नाव खुरासानचे राहिले आणि रक्त लंडनचे झाले. मुखवटाही बदलला. एकोणिसाव्या शतकातील चित्रांत त्या मांजराला सरळ नाक आहे. चेहरा चपटा करण्याचा हव्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढला आणि प्रदर्शनांतील बक्षिसांनी तो दृढ केला. आपल्या बाजारात ‘पंच फेस’ला जो भाव येतो तो या परकीय रुचीचाच उत्तराधिकार आहे, आणि मांजराच्या सुखाच्या दृष्टीने तो नाकारण्याजोगा आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण शरीरशास्त्रात आहे. मांजराला घाम येतो तो केवळ पंजांच्या गाद्यांना. एरवी ते अंग चाटते आणि लाळ वाळताना जो गारवा येतो त्यावर आपले तापमान राखते. अगदीच असह्य झाले तर ते तोंड उघडून धापा टाकते, पण कुत्र्याच्या बाबतीत जी गोष्ट नित्याची ती मांजराच्या बाबतीत धोक्याची खूण होय. आता ज्या मांजराचे नाक आत ढकलले गेले आहे, नाकपुड्या चिरेएवढ्या अरुंद आहेत आणि टाळूचा मऊ भाग श्वासमार्गात लोंबतो आहे, त्याच्या अंगावर लोकरीचे दुहेरी आच्छादन घालून त्याला नवतप्यातील नागपुरात, जेथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणे ही वार्ताही उरलेली नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेकडील खोलीत ठेवले तर त्याची काय अवस्था होईल याची कल्पना प्रत्येकाने स्वतःच करावी. कूलर आहे हे उत्तर पुरेसे नाही. वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या ताट्यांतून येणारी हवा एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत उत्तम काम करते, पण वीज गेली की तीच खोली अर्ध्या तासात भट्टी होते. आणि दोघेही नोकरीवर, मूल शाळेच्या उन्हाळी वर्गात, अशा घरात ती वीज गेल्याचे कळणार कुणाला? ज्यांच्या घरी दुपारी कुणी नसते आणि वातानुकूलनाला विजेचा पर्यायी बंदोबस्त नाही, त्यांनी चपट्या नाकाचे मांजर आणू नये. पर्शियनच हवी असा मुलांचा आग्रह असेल तर ज्याचे नाक बाजूने पाहताना स्पष्ट दिसते आणि झोपेत ज्याचा श्वास घुरघुरत नाही, असे ‘डॉल फेस’ पिल्लू शोधावे. बाजारात ते खालच्या दर्जाचे मानले जाते. शरीरधर्माच्या कसोटीवर तेच वरच्या दर्जाचे आहे.

उन्हाळा सरला म्हणजे काळजी सरते असेही नाही. जूनच्या मध्यानंतर हवेतील दमटपणा वाढला की दाट लोकर वाळत नाही, काखेत आणि पोटाखाली तिच्या गाठी होतात, आणि त्या गाठींखालच्या ओलसर कातडीवर गजकर्णाची बुरशी घर करते. लांब केसांच्या मांजरांना ही बुरशी विशेष जडते, आणि ती मुलांच्या गालाला व हातालाही लागते. रोज विंचरणे हाच त्यावरचा खरा प्रतिबंध. रोज म्हणजे रोज. रविवारी एकदा नव्हे. हे काम घरातील कोण करणार याचा निर्णय मांजर घरी येण्यापूर्वीच व्हावा, कारण ज्या पिल्लाला कंगव्याची सवय तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लागली नाही ते पुढे कंगवा पाहताच पलंगाखाली जाते.

आणखी एक गोष्ट आहे, जी दुकानात कुणी बोलत नाही. पर्शियनच्या वंशात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. जगभरच्या तपासण्यांत एके काळी सुमारे ३८ टक्के पर्शियन मांजरे या रोगाने ग्रस्त असल्याचे आढळले होते. २००४ साली त्यामागील जनुकीय दोष निश्चित झाला आणि तेव्हापासून गालाची आतील बाजू पुसून घेतलेल्या नमुन्यावरून किंवा रक्तावरून तो साध्या चाचणीत कळू शकतो; दहा महिन्यांच्या पुढच्या मांजराच्या सोनोग्राफीतही गाठी बहुधा दिसतात. मातापित्यांपैकी एकात जरी दोष असला तरी सरासरीने निम्म्या पिल्लांत तो उतरतो, आणि मांजर सहा-सात वर्षांचे होऊन घराचे सर्वस्व बनले की मग त्याचे मूत्रपिंड थकू लागते. म्हणून विक्रेत्याकडे मागावयाचा पहिला कागद पिल्लाच्या आईबापांच्या या चाचणीचा असावा. तो नसेल, आणि बहुधा नसतोच, तर निदान आईला प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरावा.

पर्शियननंतर नाव येते ते सयामीचे. बँकॉक येथील ब्रिटिश अधिकारी एडवर्ड गूल्ड यांनी १८८४ मध्ये एक जोडी आपल्या बहिणीसाठी इंग्लंडला नेली आणि पुढच्याच वर्षी क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात तिची पिल्ले लोकांनी पाहिली. आखूड, अंगाला चिकटलेले केस, सडपातळ बांधा, लांब नाक. उष्ण देशात जन्मलेले हे मांजर आपल्या हवेला पर्शियनपेक्षा शतपटीने अनुकूल आहे. तिच्या रंगाची हकिकत तर विलक्षण आहे. रंगद्रव्य घडविणारा तिच्यातील घटक शरीराच्या उष्ण भागात निकामी राहतो आणि थंड भागात काम करतो; म्हणून गर्भाच्या उबेतून आलेले पिल्लू पांढरे असते आणि मग कान, मुख, पंजे व शेपूट ही टोके तेवढी काळवंडतात. इलिन आडनावाच्या दोन रशियन संशोधकांनी १९३० साली थंडी-उष्णतेचा हा परिणाम प्रयोगाने दाखवून दिला. त्याच न्यायाने नागपूरच्या हवेत वाढलेली सयामी थंड प्रदेशातील बहिणीपेक्षा उजळ राहावी, आणि तिचा रंग फिका दिसला म्हणून तिच्या कुळाविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

स्नेहाच्या बाबतीत सयामीची बरोबरी थोडी मांजरे करू शकतील. ती माणसाच्या मागे खोलीखोलीतून फिरते, स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून अखंड बोलते, आणि दिवसभर एकटी ठेवली तर मनाने खचते. म्हणून जेथे आजी-आजोबा घरी आहेत, मुले दुपारी परततात, माणसांची ये-जा आहे, अशा भरल्या घराला ती शोभते. दोन माणसांच्या बंद सदनिकेला नाही. तिचा आवाज मोठा आहे आणि शेजार भिंतीला भिंत लावून आहे, हेही ध्यानात असावे. सयामी आणि पर्शियन यांचा संकर करून १९३० च्या दशकात अमेरिकेत हिमालयन घडवली गेली. आपल्याकडे ती मिळते, पण तिच्यात लोकर पर्शियनची असल्याने वर सांगितलेले सारे तिलाही लागू आहे.

इतर जातींविषयी थोडक्यात आटोपतो. मेन कून आणि रॅगडॉल ही दोन्ही मांजरे प्रेमळ म्हणून प्रसिद्ध आहेत आणि ती कीर्ती खरीही आहे, परंतु पहिलीची लोकर अमेरिकेच्या ईशान्येकडील हिमवर्षावासाठी आहे आणि दोहोंच्या वंशात हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक दोष आढळतो. बेंगाल हे रानातील ठिपकेदार वाघाटीच्या रक्ताचे मांजर. त्याची उडी आणि त्याचा उत्साह लहान सदनिकेत मावत नाही. ब्रिटिश शॉर्टहेअर शांत आहे, देखणे आहे, पण हेलसिंकी विद्यापीठाने २०१९ साली ५,७२६ मांजरांच्या वर्तनाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात माणसाच्या जवळिकीची ओढ सर्वांत कमी दाखविणाऱ्या जातींत तिची गणना झाली. मांडीवर बसणारे मांजर हवे असेल तर तिच्या गुबगुबीत गालांवर भुलू नये.

त्याच अभ्यासात स्वभावाचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असल्याचे दिसून आले. उरलेला कोठून येतो? फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी पिल्लांवर वर्षानुवर्षे जे प्रयोग केले त्यांतून असे ठरले की वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत ज्यांना माणसांनी रोज हाताळले ती पिल्ले जन्मभर माणसाळलेली राहतात. आणि जितका अधिक वेळ, तितका ओढा अधिक. पुढे १९९५ साली सँड्रा मॅक्यून यांनी याला एक महत्त्वाची पुस्ती जोडली. मनमिळाऊ बोक्याची पिल्ले, बापाचे तोंडही न पाहता, बुजऱ्या बोक्याच्या पिल्लांहून धीट आणि माणसांशी सलगी करणारी निघाली. या दोन शोधांचा अर्थ प्रत्येक पालकाने नीट लक्षात घ्यावा असे मला मनापासून वाटते. ज्या मायेसाठी आपण मांजर आणतो ती माया पिंजऱ्यांच्या रांगेत वाढलेल्या पिल्लात, मग त्याची जात कितीही उच्च असो, अर्धीमुर्धीच राहते. आणि जे पिल्लू एखाद्या घराच्या स्वयंपाकघरात, भांड्यांच्या आवाजात, मुलांच्या पायांत आणि मिक्सरच्या घरघरीत वाढले, ते आपल्या घरी येताना निम्मे काम करूनच आलेले असते.

म्हणून निवड करताना पिल्लाकडे पाहण्याआधी त्याच्या जन्मस्थानाकडे पाहावे. आई कोठे बसते, अनोळखी माणूस आला की ती लपते की जवळ येते, बोका कोणता आणि त्याला हात लावू देतात का, पिल्लांचे डोळे कोरडे आहेत का, कानांत काळी घाण आहे का, शेपटीखाली स्वच्छ आहे का. मग पिल्लाला उताणे करून तळहातावर धरावे. क्षणभर धडपडून जे शांत होते ते बरे. अशी पाहणी करू न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. कायद्याचा आधार या बाबतीत तोकडा आहे: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम झाले आणि दुकानदाराला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक ठरली, कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत, पण मांजरांच्या घरगुती पैदाशीसाठी तसे स्वतंत्र नियम नाहीत. तेव्हा तपासनीसाचे काम खरेदीदारालाच करावे लागते. सुदैवाने नागपूरकरांना एक लाभ आहे जो पुष्कळ शहरांना नाही. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे. पिल्लाचा सौदा पक्का करण्यापूर्वी पशुवैद्याकडून तपासणी होईल अशी अट घालावी. प्रामाणिक माणूस ती मान्य करतो.

घरी आल्यावरचा सर्वांत मोठा प्रश्न अन्नाचा, आणि तो आपल्याकडील शाकाहारी कुटुंबांसाठी विशेष नाजूक आहे. मांजर हे निसर्गतःच मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही. ते मांसातूनच मिळते, आणि ते कमी पडले की दृष्टिपटल झिजते व हृदय सैल पडते, आणि यांतील हृदयाची गोष्ट कॅलिफोर्नियातील पॉल पायन यांनी १९८७ मध्ये निर्विवाद सिद्ध केली. दूध-पोळीवर वाढणारी आजीची मनी उरलेला हिशेब उंदीर-चिमण्यांतून पुरा करीत असे. बंद सदनिकेतील मांजराला ती सोय नाही. शिवाय मोठ्या मांजराला दूध पचतही नाही. ज्या घरात मांस शिजत नाही त्यांनी मांजरांसाठीचे तयार पूर्णान्न आणावे, आणि तेही घराच्या नेमधर्मात बसत नसेल तर मांजर पाळण्याचा विचार सोडून द्यावा. आपल्या व्रताचा भार दुसऱ्या जीवाच्या डोळ्यांवर आणि हृदयावर टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि एवढे सारे लिहून झाल्यावर, जातिवंताच्या शोधात निघालेल्या वाचकाला मी आपल्या देशी मांजराकडेही एकदा पाहण्याची विनंती करतो. आखूड केस, मोकळे नाक, पातळ अंग, उन्हाला सरावलेले रक्त. नागपूरच्या हवेसाठी याहून योग्य घडण कोणत्याही प्रदर्शनाच्या कोष्टकात सापडणार नाही. फेलाइन क्लब ऑफ इंडिया या संस्थेने देशी मांजराला ‘इंदीमाऊ’ या नावाने स्वतंत्र जातीचा मान मिळवून देण्याचा उद्योग केला आहे, त्यामुळे ज्यांना दाखल्याची हौस आहे त्यांचीही सोय होऊ लागली आहे. शेजारच्या जिन्याखाली व्यालेल्या मांजरीची पिल्ले तिसऱ्या आठवड्यापासून रोज हातात घेतली तर कार्श यांचा नियम त्यांनाही तितकाच लागू पडतो.

राहता राहिला मुहूर्त. दिवाळीत पिल्लू आणू नये. फटाक्यांच्या आवाजाने ते पहिल्याच रात्री असे घाबरते की आठवडाभर कपाटामागून निघत नाही. तुळशीचे लग्न उरकले, रात्री शांत झाल्या, हवेत गारवा आला, की बारा आठवड्यांचे पिल्लू घरी आणावे. त्या वयापर्यंत तीन रोगांच्या एकत्रित लशीची पहिली मात्रा झालेली असावी. दुसरी मात्रा आणि रेबीजची लस पशुवैद्याच्या सल्ल्याने लगेच घ्यावी. पहिले चार दिवस त्याला एकाच खोलीत ठेवावे, वाळूचे तसराळे आणि पाण्याची वाटी एकमेकांपासून दूर ठेवावी, आणि मुलांना बजावावे की पिल्लू जवळ येईल तेव्हाच उचलायचे. माघ लागेपर्यंत ते पाच-सहा महिन्यांचे होते. तेव्हा शस्त्रक्रियेने निर्बीजीकरण करून घ्यावे, म्हणजे बोका भिंती खराब करीत नाही आणि मांजरी रात्री-अपरात्री ओरडत नाही. लांब केसांचे असेल तर फाल्गुनात पोटाखालचे केस जाणत्या माणसाकडून कमी करून घ्यावे, अगदी कातडीपर्यंत नव्हे. मग होळी झाली की कूलर गच्चीवरून उतरवताना त्याच्या नव्या ताट्यांबरोबर आणखी दोन पसरट मातीची भांडी आणावी आणि पाणी भरून घराच्या दोन टोकांना ठेवावी, कारण मांजर मुळातच कमी पाणी पिते आणि आपल्याकडे त्याला ते जूनच्या मध्यापर्यंत भरपूर प्यावे लागणार असते.